ज्याचं त्यानं सांगावं

पुएर्तो मोंत
११ मे

रोसामेल,

काल परत फोन केलास. मी उचलणार नाही. कारण सांगून ठेवते, म्हणजे आत्यापुढे तोंड पाडून बसायला नको. फोनवर तू रडतोस. तू रडलास की "जाऊ दे, होईल नीट" असं मलाच म्हणावं लागतं. फोन ठेवल्यावर लक्षात येतं की ज्याने माझ्या संसाराचं वाटोळं केलं, त्याचीच समजूत घालत मी बसले होते. आता ते व्हायचं नाही. बोलायचं असेल तर लिही. आचाओची बस रोज इथल्या स्टँडवर येते. ड्रायव्हरजवळ पाकीट दे, मी जाऊन घेईन.

मिल्लारायला सांगितलंय की बाबा आत्याआजीकडे बेटावर होड्या बांधायचं काम शिकायला गेलाय. ती दहा वर्षांची आहे, खुळी नाही. "शिकायला? या वयात?" म्हणाली. मी म्हटलं, हो. तुझी नोकरी का गेली ते तिला माहीत नाही. कारखान्यात कामाच्या वेळी कॉम्प्युटरवर तू कसले घाणेरडे व्हिडिओ बघत होतास, हे साहेबाने मला बोलावून, खुर्ची देऊन, माझ्याकडे न बघता सांगितलं. ती खुर्ची मी मरेपर्यंत विसरणार नाही. पहिल्यांदा मला कळलं तेव्हा तू शपथ घेतली होतीस. दुसऱ्यांदा कळलं तेव्हाही घेतलीस. तिसऱ्यांदा मला परक्या माणसाने सांगितलं.

छपराचं पन्हाळं गळत होतं. गास्तोन रविवारी चर्चमधून थेट आला, शिडी लावली, दुरुस्त करून गेला. जेवायलाही थांबला नाही. माझाच भाऊ म्हणून सांगत नाही, पण असेही पुरुष असतात.

खरं लिही. छान लिहू नकोस. छान तू खोटं बोलताना लिहितोस.

यास्ना


आचाओ
१९ मे

यास्ना,

बरं. लिहितो. माझं अक्षर तुला ठाऊकच आहे.

मी बाल्दोविनोकाकांकडे कामाला लागलोय. ते मासेमारीच्या होड्या बांधतात. पहिल्या दिवशी मला म्हणाले, "इंजिनं दुरुस्त करायचास ना? मग लाकडाला हात लावू नकोस, आधी झाडू मार." मी झाडू मारतो. आता फळ्या तासायलाही देतात. हात सोलपटलेत.

स्मार्टफोन आत्याने पहिल्याच दिवशी काढून घेतला आणि पिठाच्या डब्यात ठेवला. मला साधा, बटणांचा दिलाय. खरं लिही म्हणालीस म्हणून लिहितो: तो डबा कुठे आहे हे मला सतत माहीत असतं. पाठ करून बसलो तरी माहीत असतं. डोकं दुखतं, झोप लागत नाही. परवा आत्या बटाटे सोलता सोलता काहीतरी विचारत होती आणि मी तिच्यावर खेकसलो. एदेल्मिराआत्यावर! तिने सुरी खाली ठेवली आणि म्हणाली, "दारुड्यांना मी पाहिलंय पोरा. तुझा बाप तसाच होता. तुझ्या दारूला वास नाही एवढाच फरक." आत्याला मी सगळं सांगितलंय. सांगितल्यावर तिने मला बटाट्याचा मिल्काओ वाढला, गरम, वर चरबीचे तुकडे. एवढंच.

दर गुरुवारी कास्त्रोला जातो. तिथे चर्चच्या मागच्या खोलीत आमच्यासारखे पुरुष जमतात. गोल करून बसतात, आपापलं बोलतात. मला वाटलं होतं घाणेरडी, लाळ गाळणारी माणसं असतील. एक शाळेचा मास्तर आहे, एक बेकरीवाला आहे. सगळे थकलेले. एकच नियम आहे: खोलीत जे ऐकलं आणि ज्याला पाहिलं, ते खोलीबाहेर न्यायचं नाही. बायकोलाही सांगायचं नाही. म्हणून त्यांच्याबद्दल याहून जास्त लिहिणार नाही. माझ्याबद्दल विचार, सगळं सांगेन.

मिल्लारायला म्हणावं, बाबाला अजून होडी बांधता येत नाही, पण झाडू उत्तम येतो.

रोसामेल


पुएर्तो मोंत
६ जून

रोसामेल,

झाडूचं वाचून ती हसली. मी नाही हसले. इथे असताना तू एकदाही झाडू हातात धरला नाहीस.

तुझ्याबद्दल विचार म्हणतोस. एकच विचारायचंय. माझ्याशेजारी पडलेला असताना तुला ते का लागायचं? मी काय कमी पडले? हा प्रश्न बावळट आहे हे मला कळतं. पण मी दिवसभर बायकांचे केस कापते, समोर आरसा असतो आणि त्यात मीही दिसते. तुझी नोकरी गेल्यापासून मी आरशातल्या गिऱ्हाइकाकडेच बघते, स्वतःकडे बघत नाही. एकीची बट कानाशी वाकडी कापली गेली. "यास्ना, लक्ष कुठाय तुझं?" म्हणाली. काय सांगणार?

गास्तोनचं लग्न ठरलंय, नोव्हेंबरात. मुलगी त्यांच्याच चर्चमधली, नाव पिया. आई गेली तेव्हा तो केवढासा होता. त्याला मी वाढवलं, तेव्हा हे माझ्या पहिल्या लेकराचं लग्न म्हण. पियाला मी म्हटलं, तू नशीबवान आहेस. माझ्या भावाने आजवर कोणा मुलीकडे वाकड्या नजरेने पाहिलं नाही. तो लाजून बाहेरच निघून गेला.

आणि एक. मागच्या पत्रातही मी त्याच्याबद्दल लिहिलं आणि तू त्याच्याविषयी चकार शब्द काढला नाहीस. राग येतो ना? येऊ दे. पण शीक काहीतरी त्याच्याकडून.

यास्ना


आचाओ
३० जून

यास्ना,

हे पत्र दोनदा फाडलं. आता जसं येईल तसं पाठवतो.

मी परत पाहिलं. मंगळवारी. आत्या दवाखान्यात गेली होती, पाऊस होता म्हणून काम बंद होतं, आणि मी पिठाचा डबा उघडला. दुपार गेली. आत्या परत आली तेव्हा माझे हात पिठाने पांढरे होते. तिने विचारायच्या आधी मीच सांगितलं. मग तो फोन तिने शेजारणीला देऊन टाकला. कोणी पकडलं नसतानाही मी हे तुला सांगतोय. एरवी मी पकडलं गेल्याशिवाय काही सांगितलं नाही हे मला माहीत आहे.

तू विचारलंस, कमी काय होतं. काही नव्हतं, यास्ना. यात तू कुठे येतच नव्हतीस, हेच तर वाईट. कारखान्यात साहेब ओरडला, उघडायचो. पगाराची काळजी, उघडायचो. तुझ्याशी भांडण झालं की उघडायचो, आणि तुझ्याशी छान जमलं की तेव्हाही भीती वाटून उघडायचो. त्यातली मजा कधीच संपली होती. भूक नसताना जेवत राहावं तसं. बघून झालं की तुझ्याकडे बघायची लाज वाटायची, म्हणून मी तुझ्याकडे पाठ करायचो. तुला वाटलं मला तू नकोशी झालीस. मला मीच नकोसा झालो होतो.

गास्तोनबद्दल मला राग नाही. तू लिहीत जा. त्याला माझा नमस्कार सांग.

गेल्या गुरुवारी खोलीत एक गोष्ट घडली. ती मला सांगता येत नाही. घरी आलो तर आत्या म्हणाली, "काय रे, मेलेलं माणूस भेटलं का वाटेत?" तुझ्यापासून काही लपवायचं नाही असं ठरवलंय. म्हणून एवढं तरी सांगतो की सांगता येत नाही असं काहीतरी आहे, आणि ते माझं नाही.

रोसामेल


पुएर्तो मोंत
२० जुलै

रोसामेल,

तुझं पत्र वाचून मला राग आला नाही. मी वाट बघितली रागाची. दुकान उघडलं, दोन डोकी रंगवली, सूप केलं, तरी आला नाही. फक्त पाय दुखल्यासारखं सगळं अंग दुखत राहिलं. राग यायला ताकद लागते.

पण तू आपण होऊन सांगितलंस. हे मी डोक्यात कुठेतरी ठेवलंय. त्याचं काय करायचं ते अजून ठरलं नाही.

ते "माझं नाही" प्रकरण मला कळलं नाही आणि मला ते आवडलेलं नाही. गुपितांनीच आपल्याला इथवर आणलं. पण आज भांडायचं त्राण नाही.

मिल्लारायच्या शाळेत १८ सप्टेंबरच्या राष्ट्रीय सणाचा कार्यक्रम आहे, त्याआधीच्या शनिवारी, म्हणजे १४ तारखेला, सकाळी अकरा वाजता. ती कुएका नाचणार आहे. दिवसभर हातात रुमाल घेऊन घरातून फिरते, स्वयंपाकघरात टाचा आपटते, खालच्या मजल्यावरची म्हातारी काठीने छत ठोकते. तिने वर्गात सगळ्यांना सांगितलंय की माझा बाबा होडीवाला झालाय आणि तो बघायला येणार आहे. मी तिला म्हटलं नव्हतं. तिनेच ठरवलं.

तेव्हा ये. शुक्रवारी संध्याकाळी ये, समोरच्या खोलीत झोप. गास्तोनही येणार आहे गिटार घेऊन, मुलांना साथ करायला. नीट कपडे आण.

यास्ना


पुएर्तो मोंत
१५ सप्टेंबर

रोसामेल,

शुक्रवारी मी भात आणि शिंपल्यांचा रस्सा केला होता. तुला आवडतो म्हणून नाही, घरात शिंपले होते म्हणून. तो झाकून ठेवला. सकाळी मिल्लारायने विचारलं, "बस उशिरा आली असेल, नाही?" मी म्हटलं, असेल. शाळेत तिने पहिल्या रांगेतल्या खुर्चीवर स्वतःचा कोट टाकून जागा धरली. एक बाई बसायला आल्या तर "ही माझ्या बाबाची आहे" म्हणाली.

ती नाचली. रुमाल एकदा हातातून पडला, तोही त्या खुर्चीकडे बघताना.

गास्तोनलाही येता आलं नाही. बिचारा तापाने फणफणला होता. त्याने संध्याकाळी फोन करून मिल्लारायची माफी मागितली. आवाज इतका खोल गेलेला की मला वाटलं न्यूमोनिया झाला की काय. आजारी माणसाला फोन सुचतो. तुला नाही.

हो, तुझा नंबर शनिवारी फोनवर दिसला. उचलला नाही. उचलून काय ऐकायचं होतं? रडणं?

परत बघत बसला होतास ना? एवढं एका शब्दात लिही. बाकी काही नको.

यास्ना


आचाओ
१८ सप्टेंबर

यास्ना,

नाही.

मी शुक्रवारी दुपारी निघालो होतो. पांढरा शर्ट आत्याने इस्त्री करून दिला होता. होडीने पलीकडे दाल्काउएला उतरलो आणि फोन वाजला. आमच्या गटातला एक माणूस होता. तोही तिथेच, धक्क्यावर, गाडीत बसलेला होता, आणि गाडीचं तोंड पाण्याकडे होतं. त्याचं सगळं उघड झालं होतं. मी त्याच्याजवळ गेलो. दार उघडत नव्हता. मी काचेशी उभा राहून बोलत राहिलो. शेवटी त्याने किल्ली माझ्या हातात दिली, तोवर माझी बस गेली होती. पुढची बस होती, पण त्याला एकटं सोडणं शक्य नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याला कास्त्रोच्या इस्पितळात नेलं. कार्यक्रमाच्या वेळी मी तिथल्या बाकावर होतो. अकरा वाजलेले मी भिंतीवरच्या घड्याळात बघितले.

तो कोण ते मी सांगणार नाही. नियम म्हणून नाही. नियम गेला खड्ड्यात. त्याने काच खाली करायच्या आधी माझ्याकडून तेवढं एकच वचन घेतलं, म्हणून.

मिल्लारायला खरं सांग: बाबा एका आजारी माणसाजवळ थांबला. माफ कर असं मी तिला पत्रात लिहिणार नाही, समोर येऊन म्हणेन, येऊ देशील तेव्हा.

रोसामेल


पुएर्तो मोंत
१ ऑक्टोबर

रोसामेल,

काय सुंदर गोष्ट आहे. धक्का, गाडी, पाणी. मी म्हटलं होतं ना, छान तू खोटं बोलताना लिहितोस.

तरी मी इतकी मूर्ख आहे की विचार केला, खरंच असेल तर? म्हणून शेवटचं सांगते. नाव सांग. मी कोणाला बोलणार नाही. त्या माणसाच्या बायकोला, बहिणीला, ज्या कोणाला असेल तिला एक फोन करीन, ती हो म्हणाली की विषय संपला, तू घरी ये. नाव सांगितलं नाहीस तर मी समजेन की असा माणूसच नाही.

वकीलबाईंकडे जाऊन आले. कागद तयार व्हायला फार दिवस लागत नाहीत म्हणाल्या.

यास्ना


आचाओ
७ ऑक्टोबर

यास्ना,

कागद आले की सही करीन. तुला त्रास देणार नाही.

नाव सांगत नाही.

आयुष्यभर मी तुझ्याशी खोटं बोललो आणि तू विश्वास ठेवलास. आता खरं बोलतोय आणि तू ठेवत नाहीस. तुझं काहीच चुकलेलं नाही, मी तुझ्या जागी असतो तर हेच केलं असतं. आत्या म्हणते, "नाव टाक की गाढवा, घर वाचेल." तिलाही सांगितलं नाही.

काल बाल्दोविनोकाकांनी मला होडीच्या तळाची फळी बसवायला दिली. बसली. तुला सांगावंसं वाटलं, दुसऱ्या कोणाला सांगणार?

रोसामेल


पुएर्तो मोंत
१० नोव्हेंबर

रोसामेल,

काल गास्तोन आला होता. लग्न मोडलं नाही, पण पुढे गेलंय, ते मला पियाकडून आधीच कळलं होतं. कारण कळलं नव्हतं. मी विचारलं, काय रे, मुलीला काय केलंस? तो स्वयंपाकघरात उभाच राहिला. खुर्ची पुढे केली तरी बसेना. मग म्हणाला, "ताई, दाल्काउएच्या धक्क्यावर मी होतो."

मला आधी कळेचना. म्हटलं, तू कशाला तिथे? तर म्हणाला, दर गुरुवारी कास्त्रोला जायचो, इथे कोणी ओळखू नये म्हणून. जूनमध्ये एका गुरुवारी आत शिरलो आणि समोर भाऊजी बसले होते. मी परत वळणार होतो. भाऊजींनी शेजारच्या खुर्चीवरचा स्वतःचा कोट उचलला आणि ते सरकून बसले. सप्टेंबरात पियाला माझ्या फोनमध्ये सगळं सापडलं, तेव्हा भाऊजी ज्या धक्क्यावर उतरणार होते तिथे जाऊन थांबलो.

हातातला चहाचा कप मी कुठे ठेवला मला आठवत नाही.

त्याला मी विचारलं, मला का नाही सांगितलंस? तुला मी वाढवलंय. तर तो म्हणतो, "म्हणूनच. तू सगळ्यांना सांगत फिरायचीस, माझा भाऊ असा नाही. तू हे बोललीस की मी बाहेर जाऊन गाडीत बसायचो आणि तेच उघडायचो." रोसामेल, मी ओरडले त्याच्यावर. खूप ओरडले. तुझ्यावर आला नव्हता तो राग सगळा त्याच्यावर आला, मग तुझ्यावर आला, मग माझ्यावर. माझ्या टेबलाशी दोन पुरुष जेवत होते आणि दोघांचंही मला काही माहीत नव्हतं. दोघांना मी वाढत होते, एकाला बोल लावून, दुसऱ्याचं कौतुक करून.

मग तो म्हणाला, वकिलाचं मला परवा कळलं, म्हणून आलो. भाऊजींना मी इस्पितळातून निरोप पाठवला होता की सांगून टाका, मला चालेल. ते म्हणाले, तू बरा हो, तुझं तू सांग, मी थांबतो.

थांबलास. मी तुला पत्रांतून इतकं बोलले, त्याच्याशी तुलना करून करून बोलले, आणि तू लिहिलंस, त्याला नमस्कार सांग.

यावर मला छान काही लिहिता येत नाही. वकीलबाईंना तूर्त थांबायला सांगितलंय. तूर्त. तू चांगला वागलास म्हणून मागचं पुसलं जात नाही, आणि तू पुन्हा घसरशील हेही मी धरून चालते. मी फार दमलेय, रोसामेल. पण नाव सांगितलं असतंस तर मी तुला घरात घेतलं असतं आणि नंतर रोज विचार केला असता की उद्या हा माझंही कोणाला सांगेल. हे मला काल भांडी घासताना कळलं.

रविवारी जेवायला ये. मिल्लाराय रागावलेली आहे, तिला मी काही समजावलेलं नाही. ते तुझं काम.

यास्ना


आचाओ
१९ नोव्हेंबर

यास्ना,

परवा मी न सांगता निघालो म्हणून लिहितोय. तुला कदाचित वाटेल पळालो.

जेवण झालं, गास्तोन गेला, मी भांडी घासायला उभा राहिलो आणि तू टेबलाशी बसून मला खालच्या मजल्यावरच्या म्हातारीचं काहीतरी सांगत होतीस. वाक्य अर्धं राहिलं. मी वळून बघितलं तर हातावर डोकं टेकून तू झोपली होतीस. बाहेर लख्ख दुपार. मी नळ बंद केला. माझ्यासमोर तुला अशी बेसावध झोपलेली मी कधी पाहिलं होतं मला आठवत नाही. वर्षं झाली असतील. मला काय करावं कळेना. ताट हातातच धरून उभा राहिलो.

मिल्लाराय आतून आली. दिवसभर ती माझ्याशी बोलली नव्हती हे तू बघितलंसच. मी येताच माफी मागितली तेव्हा "बरं" म्हणून निघून गेली होती. नाच दाखवशील का विचारलं तर "तो झाला" म्हणाली. बरोबरच आहे. तर ती दारात उभी राहिली, तुझ्याकडे बघितलं, मग माझ्या हातातल्या ताटाकडे, आणि ओठांवर बोट ठेवलं.

"हळू ठेव, बाबा. ती रोज दमते."

मी ताट हळू ठेवलं. तिने फडका घेतला. मी एकेक भांडं पाण्याचा आवाज न करता धुतलं, तिने पुसलं. सगळ्या वेळात आम्ही चारच वाक्यं बोललो असू, तीही कुजबुजत. होडीला रंग कोणता देणार, तिने विचारलं. मी म्हटलं, ठरलं नाही. पिवळा दे म्हणाली.

नंतर तिने तुझ्या पाठीवर शाल घातली आणि मला दारापर्यंत सोडायला आली. दार मी ओढून घेतलं नाही, आवाज होईल म्हणून. तिनेच आतून लावलं.

रोसामेल